चौथ्या प्रश्नाचं उत्तर

९ जून

ठोंब्या,

फोन मी आपटला, तेव्हा पत्रही मीच लिहायला हवं. घरात मोठी मी, म्हणून आधी वाकायचं कामही माझ्याच वाट्याला. पाच आठवडे वाट पाहिली. तुझा फोन येईल असं रोज वाटायचं, आणि आला तर उचलायचा नाही असंही रोज ठरवायचे.

तू म्हणालास ते मला जसंच्या तसं पाठ आहे. "ताई, यंत्र उगीच कशाला म्हणेल?" तू गणिताचा प्राध्यापक. वर्गात एखाद्या पोरानं नुसतं उत्तर लिहिलं, रीत दाखवली नाही, तर तू मार्क देत नाहीस. मग त्या यंत्रानं तुला कुठली रीत दाखवली होती?

झालं काय ते तू नीट ऐकलंच नाहीस, म्हणून लिहिते. प्रवेश परीक्षेच्या दिवशी सकाळी सहा प्रश्न हातानं लिहिलेले, लोकांच्या फोनवर फिरत होते. दहा वाजता पेपर उघडला तर तेच सहा. पेपर आमच्या छापखान्यात छापतात. छपाईला जाण्याआधी तो चार माणसांच्या नजरेखालून जातो : कंपोझ करणारा, छपाईच्या प्लेटा बनवणारा प्लेटवाला, विभागप्रमुख आणि प्रूफं तपासणारी मी. आमच्या गुप्त विभागाला खिडकी नाही. आत जाताना पर्स, फोन, घड्याळ सगळं बाहेर. पेन्सिल तेच देतात आणि संध्याकाळी परत घेतात. चष्म्याचं घर उघडून दाखवावं लागतं. अठ्ठावीस वर्षं मी ते घर उघडून दाखवतेय.

साहेबांनी चौघांना बोलावलं आणि म्हणाले, "खोटं पकडायचं यंत्र आणलंय. सक्ती नाही कुणावर. पण संमतीच्या कागदावर सही केली नाहीत तर उद्यापासून येऊ नका." आम्ही सगळे म्हणालो, कर नाही त्याला डर कशाला. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणाले.

यंत्रवाला छातीवर एक पट्टा बांधतो, पोटावर एक. दंडाला रक्तदाबाची पट्टी, दोन बोटांना चिमटे. मी त्याचं नाव पट्टेवाला ठेवलं. तेच ते प्रश्न तीन-तीनदा विचारतो, आवाज अगदी सपाट. उत्तर फक्त हो किंवा नाही. पहिल्या वेळी म्हणाला, निष्कर्ष निघत नाही. आठ दिवसांनी पुन्हा बसवलं आणि म्हणाला, खोटं. बाकीचे तिघे खरे, मी खोटी. दुसऱ्या दिवशी फलकावर कागद लागला : "चाचणीत खोटे बोलल्याचे निष्पन्न झाल्याने सेवेतून कमी करण्यात येत आहे." त्याच फलकावर गेल्या वर्षी उत्कृष्ट कर्मचारी म्हणून माझा फोटो होता. टाचण्यांची भोकंसुद्धा तीच.

मी वकील केलीय. कोर्टात जाणार. मी आयुष्यात त्या दारातून एक अक्षर बाहेर नेलेलं नाही. निदान तुला तरी हे माहीत असायला हवं होतं.

ताई


२७ जून

ठोंब्या,

पत्र पोचल्याची पावती आली, म्हणजे सही तरी केलीस.

वकीलबाईंचं सांगते. माझ्या निम्म्या वयाच्या. बारा महिने सर्दी. टेबलावर कायद्याच्या पुस्तकांपेक्षा रुमाल जास्त. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, गंमत बघा. हे यंत्र कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण त्याच्या जोरावर माणसाला घरी बसवतात, आणि कुणी भांडायला जात नाही." मी विचारलं, का जात नाही? तर नाक पुसून म्हणाल्या, "लाज वाटते म्हणून. ज्याला खोटारडा म्हटलं, त्यानं मी खोटारडा नाही असं म्हटलं, तर कोण ऐकणार?"

आम्ही नोटीस पाठवली. छापखान्याचं उत्तर आलं चार ओळींचं. त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका. मी नाही तर तिथे कसं चाललंय ते दिसलंच.

हात रिकामे आहेत, तेच सोसत नाही. सकाळी आवरून, केस बांधून, सव्वानऊला दाराशी जाऊन उभी राहते आणि परत फिरते. पुन्हा खिडकी, पुन्हा दार. तुझे भावजी म्हणाले, "अशीच फिरत राहिलीस तर फरशीवर पायवाट पडेल." मग औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचते, त्यातल्या चुका शोधते. काल समोरच्या दुकानाच्या पाटीतली चूक मालकाला सांगायला गेले. तो म्हणाला, वीस वर्षं कुणाला दिसली नाही. मी म्हटलं, मला वीस वर्षं दिसत होती, वेळ नव्हता.

बाजारात प्लेटवाला भेटला. सव्वीस वर्षं शेजारी बसून डबा खाल्ला आम्ही. त्यानं मला पाहिलं आणि भाजीवाल्याला नसलेल्या भाजीचा भाव विचारायला लागला. मी त्याच्यावर रागावले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा बाकीचे संन्यासी गप्पच बसणार.

चाचणीचा पूर्ण अहवाल मागवलाय कोर्टामार्फत. त्यात प्रत्येक प्रश्नासमोर खरं की खोटं ते लिहिलेलं असतं म्हणे. तो आला की

उठले होते मधेच. कुकरची शिट्टी झाली असं वाटलं, तर कुकर लावलेलाच नव्हता. अहवालाचं नंतर लिहिते.

ताई


१८ जुलै

ठोंब्या,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली. हे फाडायच्या आत पेटीत टाकणार आहे.

अहवाल आला. एकूण नऊ प्रश्न. त्यातले दोनच कामाचे. सहावा : "यंदाचे प्रश्न तुम्ही बाहेर दिलेत का?" मी नाही म्हणाले होते. समोर लिहिलंय, खोटं. आणि चौथा : "यापूर्वी कधी इथला प्रश्न बाहेर नेला आहे का?" त्यालाही मी नाहीच म्हणाले होते. समोर लिहिलंय, खरं.

वकीलबाई तर खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा, त्यांचंच यंत्र म्हणतंय की अठ्ठावीस वर्षं तुम्ही धुतल्या तांदळासारख्या आहात. आता हे मी कोर्टात असं नाचवते की बघाच." मी मान हलवली. 

सहाव्याला मी खरं बोलले होते. चौथ्याला खोटं.

पहिल्या पत्रात एक अक्षर बाहेर नेलं नाही असं लिहिलं, तेही खोटं. बाहेर नेलं होतं, आणि ते तुझ्यासाठी होतं.

तू अठरा वर्षांचा होतास. एकदा नापास झाला होतास. बाबांनी सांगून टाकलं होतं की या वेळी गेलास तर गोदामात हमालीला लावणार. ठोंब्या हे नाव त्यांनीच ठेवलेलं. आम्ही लाडानं म्हणायचो, ते लाडानं म्हणायचे नाहीत. मला तिथे लागून दोन वर्षं झाली होती. तुझ्या परीक्षेचा पेपर माझ्या टेबलावर आला. खरं तर त्याच दिवशी साहेबांना सांगायला हवं होतं की माझा भाऊ परीक्षेला बसलाय, हे काम दुसऱ्याला द्या. नियमच होता तसा. मी गप्प राहिले, आणि तिथेच घसरले.

दोन गणितं डोक्यात घेऊन बाहेर आले. चष्म्याचं घर बघतात, डोक्यात कोण बघणार? मला त्यातलं काही कळत नव्हतं, नुसते आकडे आणि खुणा घोकत घरी आले. वाटेत कुणी हाक मारली तर ओ दिली नाही, विसरेन म्हणून. मग तुझ्या जुन्या पुस्तकातली अठरा गणितं घेतली आणि त्यांच्यात ही दोन घातली, सातवं आणि पंधरावं. "आठवड्यात सगळी सोडव, मास्तरांनी दिलीत," असं सांगितलं. तू सोडवलीस. तुला कधी काही कळलं नाही, याचं मला तेवढंच समाधान होतं.

आता कळलं तुला.

खाई त्याला खवखवे या म्हणीवर पट्टे बांधून ते यंत्र केलंय. पण सव्वीस वर्षांत माझं ते खोटं इतकं गुळगुळीत झालं की सुईला कुठे अडकायला जागाच उरली नाही. आणि खरं बोलताना मात्र छाती धडधडत होती, कारण सगळं त्या सहाव्यावरच होतं हे मला ठाऊक होतं.

हे कोर्टात सांगितलं तर यंत्राचे बारा वाजतील. माझेही वाजतील. आणि तुझे? म्हणून आधी तुला लिहिते. काय करू ते सांग. पुन्हा वाचून बघत नाही, चुका तूच दुरुस्त कर.

ताई


६ ऑगस्ट

ठोंब्या,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर अजून तसंच, उजवीकडे पळत सुटलेलं.

चारदा वाचलं. तुझे भावजी विचारत होते काय लिहिलंय. त्यांना सगळं सांगितलं, सव्वीस वर्षांपूर्वीचंसुद्धा. त्यांनी उठून माझ्या हातातला कप घेतला, विसळला, पुसला, कपाटात ठेवला. त्यात अजून चहा होता.

तू लिहिलंस, "ताई, मला त्या दिवसापासून माहीत आहे. पेपरचं पान उलटलं आणि तुझं सातवं गणित समोर. मी पेन खाली ठेवलं. दहा मिनिटं तसाच बसलो होतो. मग उचललं."

एवढी वर्षं मला वाटायचं, तू मोठा झालास, कामात बुडलास, लांब राहतोस, म्हणून येत नाहीस. वहिनीलासुद्धा मनातल्या मनात नावं ठेवली मी. तिला सांगू नकोस. आणि तू लिहितोस की मी ताटात वाढायला लागले की तुला ते गणित आठवायचं, म्हणून येणं कमी केलंस.

"मी यंत्रावर विश्वास ठेवला नव्हता. मी त्या दोन गणितांवर ठेवला. वाटलं, पुन्हा कुणासाठी तरी केलं असशील." हे वाचलं आणि तुझ्यावरचा माझा राग उभ्या उभ्या गेला. रागाला धरायला काही राहिलंच नाही. फोनवर तू मला खोटारडी ठरवत होतास असं मला वाटलं होतं. तू तर एकटाच होतास, ज्याच्याकडे संशयाला कारण होतं.

आता कामाचं. तू म्हणतोस, विचारलं नसेल ते सांगू नकोस. वर्गातली साठ पोरं, त्यांना मी काय तोंड दाखवू, हेही लिहिलंस. कळलं. मी कबूल करते : मी आपण होऊन बोलणार नाही. तुझं नाव तर मरेपर्यंत घेणार नाही.

पण एक केलं. वकीलबाईंनी माझं प्रतिज्ञापत्र तयार केलं होतं. सही करायला गेले. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, "अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत मी एकही प्रश्न कधीही बाहेर नेलेला नाही." मी म्हटलं, हे वाक्य काढा. त्या म्हणाल्या, "अहो, हेच तर आपलं बळ आहे." मी म्हटलं, काढा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रुमाल तोंडावर धरला, मग पेन घेऊन वाक्यावर रेघ मारली आणि म्हणाल्या, "मी काही विचारलं नाही. तुम्हीही काही सांगितलं नाही." त्या दिवसापासून माझ्याशी जरा कमी बोलतात. पण काम सोडलं नाही.

तुझ्या पत्राच्या शेवटी जो प्रश्न आहे, "मी आपला आपण पास झालो नसतो, असं खरंच वाटलं होतं का तुला?", त्याचं उत्तर आत्ता देत नाही. सुनावणीची तारीख जवळ आली आहे, डोकं ठिकाणावर नाही.

ताई


१९ सप्टेंबर

ठोंब्या,

काल झाली सुनावणी. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बोटभर बातमी आहे. तुझ्याकडे ती पोचायच्या आत माझ्याकडून ऐक.

न्यायाधीश कागदावर बोट ठेवून वाचणारे होते. मला बरं वाटलं. प्रूफ असंच वाचतात.

आधी पट्टेवाला. वकीलबाईंनी त्याला विचारलं, "पहिल्या वेळी निष्कर्ष का निघाला नाही?"

"त्या थकलेल्या होत्या."

"दुसऱ्या वेळी थकलेल्या नव्हत्या कशावरून?"

"तसं वाटलं."

"यंत्राला वाटलं की तुम्हाला?"

लोक हसले. मीही हसले असते, पण हसू फुटत नव्हतं. मग मला उभं केलं. वकीलबाईंनी नेमकं विचारायचं तेवढंच विचारलं. छापखान्याच्या वकिलानं संमतीच्या कागदावरची सही तुमचीच का, कधी केलीत, एवढंच. संपलं असं वाटलं. मी पायरी उतरायला एक पाय खाली टाकलासुद्धा.

तेवढ्यात न्यायाधीशांनी अहवालावर बोट ठेवलं. "एक मिनिट. बाई, सहाव्या प्रश्नाला यंत्र तुम्हाला खोटं ठरवतं, ते चूक आहे असं तुमचं म्हणणं. चौथ्याला ते तुम्हाला खरं ठरवतं. ते तरी बरोबर आहे का?"

वकीलबाई खाली बघत होत्या. मला एवढंच म्हणायचं होतं, हो. एक अक्षर. सव्वीस वर्षं म्हणत आले तेच. दंडाला पट्टी नव्हती, बोटांना चिमटे नव्हते.

मी म्हटलं, "नाही साहेब. तेही चूक आहे."

न्यायाधीशांनी कागदावरचं बोट उचललं.

"म्हणजे तुम्ही पूर्वी प्रश्न बाहेर नेला होता?"

"दोन. सव्वीस वर्षांपूर्वी. यंदा एकही नाही."

"कोणासाठी?"

"ते सांगणार नाही. काय शिक्षा असेल ती द्या."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या वयाची मुलगी घरातल्याच कुणासाठी प्रश्न नेईल, हे ओळखायला यंत्र लागत नाही. पण त्यांनी लिहून घेतलं ते एवढंच : नाव सांगण्यास नकार.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण केलंत." आणि थोडं चालून गेल्यावर, "पण त्या यंत्राला याहून चांगलं उत्तर मला सुचलं नसतं."

मी दिलेला शब्द मोडला की पाळला, तू ठरव. आपण होऊन बोलणार नाही म्हटलं होतं. विचारलं, मग बोलले. तरी मला माहीत आहे, मी तुला विचारलं नाही. त्या पायरीवर वेळच नव्हता.

घरी आल्यापासून तीनदा जिना उतरून वर आले. खाली काही काम नाही.

ताई


३ नोव्हेंबर

ठोंब्या,

निकाल लागला. सोबत नक्कल जोडली आहे, पण त्यातली भाषा तुला झेपणार नाही, म्हणून साध्या शब्दांत सांगते. यंत्रानं जिथे खोटं म्हटलं तिथे दुसरा काही पुरावा नाही, आणि जिथे खरं म्हटलं तिथे अर्जदार स्वतःच नाही म्हणते. अशा यंत्रावर विसंबून कुणाला कामावरून काढता येत नाही. यंदाच्या फुटलेल्या पेपरशी माझा काही संबंध सिद्ध झालेला नाही. मला परत घ्यायचं, आणि आधीचा कागद चुकीचा होता असं लिहून त्याच फलकावर तीस दिवस लावायचं. जुन्या गोष्टीची हवी तर छापखान्यानं वेगळी चौकशी करावी.

मी त्यांना चौकशीला लावलं नाही. पहिल्या दिवशी गेले, चष्म्याचं घर उघडून दाखवलं, आत गेले आणि टेबलावर राजीनामा ठेवला. साहेब म्हणाले, "अहो, आता जिंकलात ना?" मी म्हटलं, जिंकले तो खटला यंदाचा. हा राजीनामा सव्वीस वर्षांपूर्वीचा, उशिरा पोचला. जाताना फलकापाशी उभी राहिले. कागद लागला होता. वाचला. यात चूक नव्हती. प्लेटवाला मागे येऊन उभा होता. म्हणाला, "भाव विचारत होतो त्या दिवशी." मी म्हटलं, "माहीत आहे. ती भाजी तिथे नव्हती." मग दोघं जिन्यापर्यंत बरोबर आलो.

खरा माणूस गेल्या आठवड्यात सापडला. पेपर काढणाऱ्या मंडळींपैकीच एकाचा जावई. त्यांना कुणी पट्टे बांधले नव्हते, मोठी माणसं ना.

आता तुझं. तू आपल्या प्राचार्यांकडे जाऊन सगळं सांगितलंस, हे वहिनीच्या फोनवरून कळलं. ते म्हणाले म्हणे, इतक्या वर्षांनी काय उकरायचं, तुम्ही शिकवता चांगलं, जा वर्गावर. आणि तुला त्याचाच संताप आला की कुणी शिक्षाच देत नाही. वहिनी म्हणाली, "ताई, हे दिवसभर चिडलेले असतात, पण झोप लागते आता." तिचा आवाज छान आहे. एवढी वर्षं मी नीट ऐकलाच नव्हता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. तीन महिने टाळलं. सुनावणी होती, निकाल यायचा होता, ही सगळी निमित्तं. कोर्टात अनोळखी माणसांसमोर खरं बोलणं त्या मानानं सोपं गेलं.

खूप गोड उत्तरं सुचली. बाबांच्या धाकानं केलं, तुझ्यावर माया होती म्हणून केलं, तू पास झालाच असतास पण मला राहवलं नाही. सगळी लिहिण्यासारखी आहेत. तू वाचून विश्वासही ठेवला असतास.

हो, ठोंब्या. मला वाटलं होतं की तू आपला आपण पास होणार नाहीस. बाबा ते तोंडानं म्हणायचे, मी मनात म्हणायचे. मी तुझ्या बाजूची होते, आणि तरीही माझा तुझ्यावर विश्वास नव्हता. ती दोन गणितं नसती तर काय झालं असतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि ते कळणं तुझ्याकडून मी हिरावून घेतलं. पेपर चोरला त्याहून मोठी चोरी ही.

यावर तुला रागवायचं असेल तर रागव. लिहून नको. फोनवरही नको. इथे ये, माझ्यासमोर बस आणि रागव. मी उठून जाणार नाही.

ताई